बिल आपलं, पंखा घरमालकाचा!

लोहाऱ्यात किरायाची रूम बघायला गेल्यावर आपण काय विचारतो? किराया किती, डिपॉझिट किती, पाणी किती वेळ येतं, गेट किती वाजता बंद होतं. फार तर 'लाइट बिल वेगळं का?' एवढं विचारून मोकळे होतो. छताचा पंखा किती वीज खातो, मीटर एकच आहे की प्रत्येक रूमला वेगळं, हे कुणीच विचारत नाही. मग मे महिन्यात कुलर सुरू झाला की बिल येतं आणि रूम पार्टनरमध्येच जुंपते. 'तू रात्रभर कुलर लावतो', 'तू रॉड लावून विसरते'!

लोहाऱ्यात एमआयडीसी आहे, इंजिनीअरिंग कॉलेज आहे. त्यामुळे किरायानं राहणारी पोरं-पोरी भरपूर. गंमत अशी, की पंखा, वायरिंग, कुलर घरमालकाचं आणि बिल आपलं. नवा पंखा घ्यायचा तर पैसे मालकाचे जाणार, बचत मात्र किरायदाराची. म्हणून काका म्हणतात, 'चालू आहे ना, मग कशाला बदलायचा?' आपण म्हणतो, 'वर्षभरात रूम सोडायची, मी कशाला खर्च करू?' दोघंही आपापल्या जागी बरोबर. पंखा मात्र तोच.

आता जरा हिशोब करू. साधा जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. रोज १५ तास चालला तर महिन्याला जवळपास ३४ युनिट. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच वेळात साडेतेरा युनिट. एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. पाणी तापवायची १५०० वॅटची रॉड रोज अर्धा तास लावली, तर महिन्याला साडेबावीस युनिट.

खरी मेख मीटरमध्ये आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतात: १०० युनिटपर्यंत सगळ्यात स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००. चार रूममध्ये प्रत्येकी ९० युनिट जळाले आणि मीटर वेगवेगळे असले, तर सगळे स्वस्त टप्प्यात. पण चौघांना मिळून एकच मीटर असेल, तर बेरीज ३६० आणि त्यातले २६० युनिट महागड्या टप्प्यात. वीज कुणी उधळली नाही, तरी भुर्दंड सगळ्यांना. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघंही वीजजोडणी मागू शकतात. व्यवहारात मालकाची संमती लागतेच, म्हणून त्यांच्याशी बोलणं आलंच.

देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ पासून आहे. ऊर्जा लेखापरीक्षणाची सक्ती मात्र जास्त वीज वापरणाऱ्या मोठ्या उद्योगांवर आहे, किरायाच्या रूमवर नाही. इंग्लंडमध्ये २०२० पासून घर भाड्यानं द्यायचं तर, काही अपवाद सोडले, ऊर्जेचा किमान 'ई' दर्जा लागतो. आपल्याकडे असा नियम येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का?

आमचं म्हणणं असं, की तपासणी आपणच सुरू करावी. कॉलेजच्या इलेक्ट्रिकल शाखेतली मुलं आणि एनएसएसचं युनिट मिळून हे सहज करू शकतात. एका रूमला अर्धा तास पुरतो. पंखा, बल्ब, कुलरचा पंप, रॉड यांचे वॅट लिहायचे, रोजचे तास विचारायचे. सगळी बटणं बंद करून मीटरचा लाल दिवा लुकलुकतो का ते बघायचं. लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज जातेय. बोर्ड मात्र कुणी उघडू नये. वायरिंग आणि अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियननंच बघावं.

पण तपासणी किरायदाराला बाजूला ठेवून होऊ नये. रूम मालकाची असली तरी तिथे राहणाऱ्याचा संसार तिथे असतो. मुलींच्या रूमवर तर कुणीही, केव्हाही येऊन ठोठावणं चालणारच नाही. राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यातही मालकानं आधी कळवून, योग्य वेळीच जागा बघावी असंच आहे. तेव्हा दोन दिवस आधी सांगा, वेळ किरायदाराला विचारून ठरवा, काय बघणार ते स्पष्ट करा, परीक्षेचे दिवस टाळा. आणि निघालेले आकडे एका कागदावर लिहून एक प्रत काकांना, एक किरायदाराला द्या. कुलर रात्रभर कोण लावतं, याच्या चुगल्या त्यात नकोत.

कागद हातात असला की बोलणं सोपं होतं. पंखा मालकानं घ्यावा आणि किरायदारानं वाचलेल्या पैशातून थोडं द्यावं, किंवा किरायदारानं घ्यावा आणि जाताना सोबत न्यावा. जे ठरेल ते करारात लिहा. आणि हे सगळं फेब्रुवारीतच करा. मे महिन्यात बिल हातात आल्यावर फक्त भांडण करता येतं.