दिव्यापाशीं आलेला पाहुणा

आपल्या भाषेंत पतंग म्हणजे अविचाराचें उदाहरण. दिव्यावर झेप घालून जळतो तो मूर्ख, असा त्याचा लौकिक आहे. परंतु ॲटलास नांवाच्या महाकाय पतंगाची हकीकत ऐकल्यावर मूर्ख पतंग कीं दिवा लावणारा, असा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं.

लिनीअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ मध्यें ह्या पतंगाचें नामकरण केलें. ग्रीक पुराणांत आकाश खांद्यावर तोलणारा जो महाबलाढ्य पुरुष, त्याचेंच हें नांव. मोठ्या मादीचे पसरलेले पंख सुमारें २४ सेंटिमीटर, म्हणजे चांगले वीतभर भरतात. रंग तांबूस तपकिरी. प्रत्येक पंखावर एक त्रिकोणी खिडकी, आणि तेथें खवले नसल्यामुळें ती कांचेसारखी पारदर्शक. पुढील पंखांचीं टोकें तर हुबेहूब सर्पाच्या मस्तकासारखीं! हिमालयाच्या पायथ्यापासून म्यानमार, दक्षिण चीन व मलाय द्वीपकल्पावरून इंडोनेशियाच्या बेटांपर्यंत त्याची वस्ती आहे. सह्याद्रीच्या रानांतही ह्या गणांतील पतंग पावसाळ्यांत दृष्टीस पडतात.

ह्या वैभवाचें आयुष्य मात्र एकदोन आठवड्यांचें! कोशांतून निघालेल्या पतंगास खाण्याजोगें मुखच नसतें; सुरवंट असतांना सांठविलेल्या शिदोरीवर तो जगतो. तेवढ्या दिवसांत नरानें पिसांसारख्या मिशांनीं वास घेत मादीला शोधावयाचें, व मादीनें अंडीं घालावयाचीं. अशा वेळीं आपल्या ओसरीवरील विजेचा दिवा त्याची एक रात्र हिरावून घेतो. उरलेलें काम आपली केरसुणी नाहीं तर संग्राहकाची टांचणी करते.

कोणी म्हणेल, संग्रहावांचून शास्त्र कसें वाढेल? संशोधकांपुरतें तें खरें. पण प्रत्येक विद्यार्थ्याच्या पेटींत एकेक पतंग टोंचल्यानें ज्ञानांत कसली भर पडणार? तसरचा पतंगही ह्याच कुळांतला. भंडारा-गडचिरोलीकडील लोक कोशासाठीं त्याची जोपासना करतात, तें योग्यच आहे. परंतु लाभ देईल तेवढाच जीव जपावा, ही व्यापाऱ्याची दृष्टि झाली, विद्यार्थ्याची नव्हे.

म्हणून विद्यार्थ्यांनो, असा पाहुणा आल्यास पट्टीनें दुरूनच त्याचें माप घ्या, वहींत चित्र काढा, तारीख लिहा, आणि दिवा मालवा. पालकांसही विनंति कीं, त्या रात्रीं थोडा अंधार सोसावा. ज्याच्यापाशीं मोजकेच दिवस आहेत, त्याची वाट अडवूं नये, हा धडा मुलांस पुस्तकापेक्षां त्या अंधारांत अधिक चांगला कळेल.