तगरची वाइन की तगरचे कापड?

दक्षिण फ्रान्समधील ग्रनाश, सिरा, मूर्वेद्र या द्राक्षांची मिश्र तांबडी वाइन आज जगभर नावाजली जाते. तेथील द्राक्षमळ्यांची परंपरा इ.स.पू. ६०० च्या सुमारास मार्सेय वसवणाऱ्या ग्रीकांपर्यंत मागे जाते. पुढे रोमनांनी ती वाढवली. आणि प्राचीन वाइन व रोमन व्यापाराचा विषय निघाला, की मराठवाड्यातील इतिहासप्रेमींच्या ओठी एकच गाव येते: तेर, म्हणजेच प्राचीन तगर.

‘सातवाहनांच्या तगरात रोमन वाइन रिचवली जात होती’ हे विधान ठामपणे केले जाते. त्याचा पुरावा मात्र विचारला जात नाही.

मुख्य साक्षीदार आहे ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथ. बारिगाझा, म्हणजे भडोच, येथे उतरणाऱ्या मालात तो वाइनची नोंद करतो: प्रामुख्याने इटलीची, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, वाइनचे नाव या यादीत नाही. उंची वाइन राजासाठी वेगळी येई, असेही तो सांगतो. पण तो राजा कोण? त्या वेळी भडोच क्षहरात क्षत्रप नहपानाकडे होते, आणि नहपान हा तर सातवाहनांचा वैरी! सातवाहनांच्या कल्याण बंदराकडे वळलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही त्याच ग्रंथात आहे. वाइन तगरास पोहोचली, असे तो कोठेही म्हणत नाही.

उरतात खापरे. नेवासे येथील उत्खननात अँफोरांचे, म्हणजे दोन कानांच्या उंच रांजणांचे, तुकडे मिळाले हे खरे. परंतु पश्चिम भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदलेली अनेक खापरे वस्तुतः मेसोपोटेमियाकडील, आतून डांबर लावलेल्या बिनकानी रांजणांची आहेत, असे रॉबर्टा टोंबर यांनी दाखवून दिले आहे. शिवाय अँफोरात तेलही येई, माशांचे कालवणही येई. खापर दिसले की वाइन ओतायची, ही घाई बरी नव्हे. (गोरोबाकाकांच्या गावी तरी खापराची पारख नीट व्हावी!)

तगराविषयी पेरिप्लस जे निःसंदिग्धपणे सांगतो, ते या वाइनप्रेमात झाकून जाते. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरील या मोठ्या नगरातून साधे कापड, नाना प्रकारची मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. रोमन जगाला या मुलखाचे कापड हवे होते. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ साली पाँपेईत सापडलेली मूर्ती यांच्यातील साम्यही इकडून तिकडे गेलेल्या कारागिरीकडेच बोट दाखवते.

लातूर-नांदेडहून तेरला जाणाऱ्या तरुणांनी रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात रोमन वाइनचा रांजण शोधण्याआधी तेरच्याच मातीच्या मूर्ती, मणी आणि शंखाच्या बांगड्या पाहाव्यात. लामतुरे यांनी तो संग्रह गावच्या पांढरीतून आयुष्यभर वेचून जमवला होता.