पेसमेकरनंतरची पावले

पेसमेकर बसविलेल्या वडीलधाऱ्यांना घरची माणसे मायेपोटी खाटेवरून उठू देत नाहीत. वस्तुतः १९५८ साली स्टॉकहोम येथे ज्यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविला गेला, ते आर्ने लार्सन यंत्र अनेकदा बदलून घेत २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

जपायचे असते ते यंत्राच्या तारेला. तिचे टोक हृदयात स्थिरावेपर्यंत, सुमारे ४ ते ६ आठवडे, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये. पाणी शेंदणे, सूर्यनमस्कार वर्ज्य. मात्र हात अगदी बांधूनही ठेवू नये, खांदा आखडतो.

पायांना ही बंदी नाही. डॉक्टरांच्या अनुमतीने सकाळी कमलनगरच्या स्टेशनाकडे रमतगमत जावे, अंतर हळूहळू वाढवावे. घेरी आल्यास थांबून डॉक्टरांना गाठावे. आप्तांनी अडवू नये, सोबत चालावे.