'लिंक उघडून नाही राहिली'

"सर, लिंक उघडून नाही राहिली." कोरोनाच्या काळात अमरावती-अकोल्याकडच्या शिक्षकांनी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. मार्च 2020 मध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली आणि फळ्यावरचं सगळं मोबाइलवर आलं. वहीच्या पानांचे फोटो निघाले, फोटोंची पीडीएफ झाली, पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढली आणि तिची निळी लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, थेट धारणीपर्यंत पोरांनी ती उघडली. कुणी रेंजसाठी धाब्यावर चढलं, कुणी गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेलं. लिंक आली म्हणजे नोट्स आल्या, असा तेव्हापासून सगळ्यांचा समज झाला.

दीड वर्षानं या समजाला धक्का बसला. 13 सप्टेंबर 2021 पासून गुगलनं ड्राइव्हवरच्या काही जुन्या फायलींच्या पत्त्यात एक जादा सांकेतिक भाग जोडला. हेतू चांगला होता. अंदाजानं पत्ता गाठून कुणी परक्यानं फाईल उघडू नये, एवढ्यासाठी तो बदल होता. ज्यांनी फाईल आधी पाहिली होती त्यांचं काही अडलं नाही. पण पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ग्रुपवर जुनाच पत्ता मिळाला, तर फाईलच्या जागी परवानगी मागायला सांगणारं पान समोर यायचं. बटण दाबलं की विनंती फाईलच्या मालकाकडे जाते. आता हा मालक कोण? पुष्कळदा तासिका तत्त्वावरचा एखादा प्राध्यापक, ज्याचं सत्र संपलं आणि जो आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवतो. नोट्स त्याच्या खासगी जीमेलवर आहेत आणि तो ईमेल तो महिनोन्महिने उघडत नाही. बदलाची सूचना गुगलनं जुलैपासून ईमेलनं दिली होती. ती कुठे पडून राहिली असेल, हे सांगायला नको.

फाईल शाबूत आहे, मालक हयात आहे, तरी विद्यार्थ्याच्या हाती काही नाही. या प्रश्नाचं खरं रूप हेच आहे. बहुतेक लोक 'डेटा उडाला' या एकाच संकटाला भितात. प्रत्यक्षात पुष्कळदा डेटा उडत नाही, त्याच्याकडे जाणारी वाट बंद होते.

याचं ठळक उदाहरण ड्रॉपबॉक्सचं आहे. या सेवेत 'पब्लिक' नावाचं एक फोल्डर असायचं. त्यात फाईल टाकली की तिचा थेट पत्ता मिळे आणि तो कुणालाही देता येई. त्या पत्त्याच्या जोरावर लोकांनी वेबसाइटवर चित्रं लावली, छोट्या संस्थांनी अर्जाचे नमुने ठेवले, काहींनी तर अख्खी पानं चालवली. फुकट खातेदारांसाठी ही सोय 15 मार्च 2017 रोजी बंद झाली, पैसे भरणाऱ्यांसाठी त्याच वर्षी 1 सप्टेंबरला. फायली खात्यात होत्या तशाच राहिल्या, पण खासगी झाल्या आणि जगभर पसरलेले जुने पत्ते एका दिवसात निकामी झाले. त्याआधी ऑगस्ट 2016 मध्ये गुगलनंही ड्राइव्हवरून वेबपान चालवायची सोय काढून घेतली होती. मोझिलाचं फायरफॉक्स सेंड तर मार्च 2019 मध्ये आलं आणि सप्टेंबर 2020 मध्ये कायमचं गेलं. मोठी फाईल कुलूपबंद करून पाठवायची ती फार चांगली सोय होती. तिच्यातूनच घातक प्रोग्रॅम पसरवले जाऊ लागले, म्हणून ती आधी थांबवली आणि मग मोडीत काढली.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. उघड्या लिंकवरून चोरीचे सिनेमे फिरतात, बँकेच्या नावानं फसवी पानं चालतात, आणि एक फाईल लाखभर लोकांनी उतरवली तर त्या वाहतुकीचा खर्च कंपनीच्याच माथी बसतो. फुकटाची सोय कधीतरी आटणारच. पण ज्या सोयीची सवय कंपनीनं स्वतः लावली, ती काढताना तिच्यावर काहीच जबाबदारी नाही, हे मात्र पटण्यासारखं नाही. गुगलनं शिक्षणसंस्थांना वर्षानुवर्षं अमर्याद जागा देऊ केली, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये जाहीर केलं की यापुढे फुकट योजनेत संपूर्ण संस्थेला मिळून 100 टेराबाइट. गुगल फोटोजची अमर्याद साठवण 1 जून 2021 पासून संपली. दोन वर्षं न वापरलेली खासगी खाती पुसण्याचं धोरण 1 डिसेंबर 2023 पासून लागू झालं. हे शेवटचं कलम आपल्याकडे वाचलं जायला हवं, कारण वारलेल्या माणसाच्या खात्यातले घरच्यांचे फोटो नेमके याच कलमात सापडतात.

भारतात वाट बंद होण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कंपनीच्या हाती नाही. मे 2020 मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशानं वीट्रान्सफर ही मोठ्या फायली पाठवण्याची सेवा देशात अडवली गेली. लग्नाचे फोटोग्राफर, छपाईवाले, पत्रकार अशा मोठ्या फायली हाताळणाऱ्या माणसांसाठी ती रोजच्या कामाची गोष्ट. महिनाभरानं, 29 जूनला, केंद्रानं 59 चिनी ॲपवर बंदी घातली. चर्चा झाली ती टिकटॉकची. पण त्याच यादीत शेअरइट आणि झेंडर होते, कॅमस्कॅनरही होतं. नेट न वापरता एका मोबाइलवरून दुसऱ्यावर गाणी, सिनेमे, नोट्स टाकायला गावोगावी हीच ॲप वापरली जात, आणि कागदाची पीडीएफ करायला कॅमस्कॅनर. देशाच्या सुरक्षेसाठी सरकारला जे करावं वाटलं ते सरकारनं केलं. पण माणसांची रोजची कामं कशावर उभी आहेत, हे त्या रात्री एकदम उघडं पडलं.

आणि कधी कधी तर सगळंच थांबतं. 13 नोव्हेंबर 2021 रोजी अमरावतीत दगडफेक आणि जाळपोळीनंतर संचारबंदी लागली, इंटरनेट काही दिवस बंद राहिलं. मे 2023 मध्ये अकोल्यातही दंगलीनंतर तेच झालं. ज्याचा अभ्यास, ज्याचं बिल, ज्याच्या दवाखान्याचे कागद फक्त ड्राइव्हवर होते, त्याच्यासाठी ते दिवस कोरे गेले. ज्याच्या मोबाइलमध्ये किंवा कपाटात प्रत होती, त्याचं काम चालू राहिलं.

प्रत आणि वाट यांतला हा फरक वऱ्हाडाला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं, त्यांच्याकडून एकेक प्रसंग विचारून घेतला. त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं, मराठी गद्याचा आरंभीचा ग्रंथ. महानुभाव परंपरा सांगते की पुढे खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. ग्रंथ मात्र गेला नाही, कारण तो अनेकांनी मुखोद्गत केला होता. त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला, आणि म्हणूनच आज त्याचे एकाहून अधिक पाठ मिळतात. कुठे शब्द वेगळा, कुठे प्रसंगाचा क्रम वेगळा. अभ्यासकाला हे पाठभेद जुळवताना घाम फुटतो, पण ग्रंथ हाती आहे तो त्या अनेक प्रतींमुळेच.

याच परंपरेत गोष्टीची दुसरी बाजूही आहे. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. पोथ्या मठांत नीट जपल्या गेल्या, नकला होत राहिल्या. पण लिपीची किल्ली पंथाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. शेकडो वर्षं हे साहित्य मराठी वाचकाच्या नजरेआड राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा मराठीचा इतिहास मागे सरकला. प्रत असूनही वाट नसली तर काय होतं, ते यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे. डिजिटल कागद जपण्याचा अभ्यासक्रम त्या विद्यापीठानं सुरू करावा, ही मागणी इथूनच व्हायला हवी.

चांगली वाट कशी बांधता येते, त्याचं उदाहरण देशात आहे आणि वऱ्हाडही त्यात आहे. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या सार्वजनिक भांडारात ठेवले जातात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे प्रबंधही तिथे वाचायला मिळतात. या भांडारात प्रत्येक प्रबंधाला कायमचा क्रमांक असतो. पत्ता त्या प्रबंधाला बांधलेला असतो, तो कोणत्या संगणकावर पडला आहे त्याला नाही. उद्या यंत्रं बदलली, कार्यालय हललं, तरी क्रमांक तोच राहतो. ग्रंथालयातल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक कपाट बदललं म्हणून बदलत नाही, तसंच हे.

प्रबंध असे सुरक्षित झाले. पण कॉलेजचा वार्षिक अंक, जुन्या प्रश्नपत्रिका, एनएसएसच्या शिबिराचे फोटो, गावाच्या सर्वेक्षणाचे तक्ते, एखाद्या म्हाताऱ्या लोककलावंताच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग, हे सगळं आज कुठे आहे? कुणाच्या तरी खासगी ड्राइव्हवर. अंकाच्या संपादकानं लिंक पाठवली, प्राचार्यांनी वाहवा केली, आणि विषय संपला. छापील अंकाच्या पाच प्रती ग्रंथालयात जायच्या, त्या जाणं बंद झालं. हे थांबायला हवं.

कायद्याकडूनही अपेक्षा आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक चांगली तरतूद आहे. तुमची संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचता यायला हवी. म्हणजे घेताना मराठीत विचारणं आलं. मग सोय काढून घेताना मराठीत सांगणं का नको? शिवाय आपला डेटा उचलून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क युरोपात 2018 पासून लागू आहे. आपल्याकडे 2019 च्या विधेयकात तो होता, 2023 च्या कायद्यातून तो गळला. तो परत आणावा. आणि सार्वजनिक लिंकची सोय बंद करणाऱ्या कंपनीनं किमान सहा महिने आधी, खातेदाराच्या भाषेत, ईमेलबरोबर मोबाइलवरही कळवावं, आणि जुनी लिंक दाबणाऱ्याला फाईल कुठे हलली ते सांगणारी पाटी काही काळ ठेवावी. यात अशक्य असं काही नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरात आणि संस्थेत करण्यासारखं बरंच आहे. फोटोग्राफर मंडळींत एक जुना हिशेब आहे: प्रती तीन, साठवणीची साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. अमरावतीच्या घरातल्या फोटोंची एक हार्डडिस्क अकोल्याच्या भावाकडे ठेवायला दिवाळीच्या फेरीइतकाच खर्च येतो. मात्र ती पत्र्याच्या खोलीत नको, मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. वर्षातून एकदा ती जोडून चार फायली उघडून बघाव्यात. कपाटात डिस्क आहे आणि ती चालतच नाही, हे बारशाचे फोटो शोधायच्या दिवशी कळू नये. गुगलवरचं सगळं एकदम उतरवून घ्यायला टेकआउट नावाची सोय 2011 पासून आहे. फार थोडे लोक ती वापरतात. आणि पाठवलेली लिंक खरंच चालते का, हे आपल्या मोबाइलवर बघून उपयोग नाही, कारण मालकाला ती नेहमीच उघडते. शेजारच्या माणसाच्या मोबाइलवर उघडून बघावी.

संस्थांसाठी तर आणखी साधा उपाय आहे. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक कॉलेज सोडतो तेव्हा 'नो ड्यूज'चा कागद घेऊन टेबलोटेबली फिरतो. ग्रंथपाल पुस्तकं परत आली का ते बघून सही करतात, प्रयोगशाळेचा सहायक साहित्य मोजतो, हिशेबनीस शिक्का मारतात. त्या कागदावर त्याच्या दोन-तीन वर्षांच्या नोट्सबद्दल एक ओळही नसते. ती ओळ टाकावी: वर्गाला दिलेल्या सर्व फायलींची प्रत ग्रंथालयाच्या डिस्कवर आणि कॉलेजच्या खात्यावर जमा केली. खाली ग्रंथपालांची सही, तारीख, आणि फायलींची संख्या. यासाठी शासनाच्या जीआरची वाट बघावी लागत नाही, प्राचार्यांनी नमुना बदलून पुन्हा झेरॉक्स काढले की झालं.