गुंड्या सहा, काजं पाच!

बालदोस्तांनो, शर्टाला एका बाजूला सहा गुंड्या आणि दुसऱ्या बाजूला पाचच काजं असली तर? वरची नि खालची गुंडी नीट लागेल, पण मध्ये कापड फुगेल, फट पडेल. शिंप्याची ही अडचण विमान नि जहाज बांधणाऱ्या इंजिनीअरलाही येते बरं का!

पत्र्याचा डबा, बसची बॉडी, विमानाचा पंख ही सारी पातळ कवचं. भार पडल्यावर ती कुठे वाकतील, हे एका दमात काढणं फार कठीण. म्हणून संगणकात त्यांचे छोटे छोटे चौकोन पाडतात, अगदी तुमच्या गणिताच्या वहीसारखे. चौकोनांच्या कोपऱ्यांना आपण 'गाठी' म्हणू. प्रत्येक गाठ किती सरकली नि किती वळली, हे संगणक शोधतो. १९६० साली रे क्लफ यांनी या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिलं.

आता दोन पत्रे जोडायचे आहेत. एकाच्या कडेला पाच गाठी, दुसऱ्याच्या कडेला नऊ. चित्रात पत्रे चिकटलेले दिसतात, पण ज्या गाठी दोघांच्या सामायिक नाहीत, तिथे संगणकाच्या लेखी जोडच नाही! मग एक तर दोन्हीकडे सारख्या गाठी पाडायच्या, नाही तर उरलेल्या गाठींना नियम घालून द्यायचा. समजा, शेजारच्या दोन गाठी २ मिमी आणि ६ मिमी सरकल्या. तर त्यांच्या बरोबर मधली गाठ सरासरीइतकी, म्हणजे ४ मिमी सरकली पाहिजे. बघा, सरासरी कुठे उपयोगी पडली!

एक प्रयोग करा. दोन पुठ्ठे काटकोनात धरून सांध्यावर चिकटपट्टी लावा. ते सुटत नाहीत, पण दारासारखे उघडमीट करतात. आता आतल्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण चिकटवा. हलेनात ना? संगणकात गाठींचं सरकणं जोडलं आणि वळणं जोडायचं राहिलं, तर पक्क्या सांध्याची अशीच बिजागरी होते. संगणक तक्रार करत नाही. रंगीत चित्र काढून मोकळा होतो! म्हणून जाणकार आधी थोडासा भार टाकून, वाकलेला आकार मोठा करून फट शोधतात.

एवढी काळजी कशाला? ऐका. नॉर्वेत स्लाइपनर नावाच्या तेल-वायू फलाटाचा प्रचंड काँक्रीटचा पाया बांधला होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी तो चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत असताना एक भिंत फुटली. पंपांना पाणी आवरेना. पाया तळाशी जाऊन चक्काचूर झाला. माणसं वाचली, पण नुकसान झालं सुमारे ७० कोटी डॉलरचं. चौकशीत काय निघालं? टाक्यांच्या भिंती जिथे एकत्र येतात, तिथेच संगणकातले तुकडे फार मोठे नि वेडेवाकडे होते. त्यामुळे भिंतीला कापू पाहणारा जोर सुमारे ४७ टक्के कमी दिसला. शिवाय तिथल्या सळयाही अपुऱ्या ठरल्या.

म्हणून दोस्तांनो, गणित यंत्राने केलं तरी ताळा आपणच करायचा.

जाता जाता एक कोडं: शेजारच्या दोन गाठी ३ मिमी आणि ९ मिमी सरकल्या, तर बरोबर मधली गाठ किती सरकेल? आई-बाबांनाही विचारा, पण उत्तर आधी स्वतः काढा हं!