एकेक डिस्क बदलण्याचा मोह

जुन्या सर्व्हरमधली जागा संपत आली की एक सल्ला हमखास मिळतो: रेड ५ आहे ना, मग एकेक डिस्क काढा, मोठी घाला, रीबिल्ड होऊ द्या; चौथी बदलली की जागा वाढते आणि कामही थांबत नाही. पूर्वपक्ष दिसायला बिनतोड आहे. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची मांडणी केली, ती स्वस्त डिस्कांच्या समूहातली एखादी कधीतरी मोडणारच हे गृहीत धरून. पण रेड ५ मधली ती तजवीज एका वेळी एकाच डिस्कच्या अपघातासाठी आहे, आणि हा सल्ला तोच अपघात आपल्या हाताने चार वेळा घडवायला सांगतो.

हिशेबच करू. २ टीबीच्या चार डिस्क आहेत; एकीएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला भाग पुन्हा काढून देणाऱ्या जादा माहितीला, जाते आणि वापरायला ६ टीबी उरतात. पहिली काढली की उरलेल्या तिन्ही जुन्या डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचाव्या लागतात. दुसऱ्या फेरीत दोन, तिसरीत एक. जुन्या डिस्कांवरून एकूण १२ टीबी वाचन, आणि सगळे संरक्षण काढून घेतलेल्या अवस्थेत. साध्या दर्जाच्या डिस्कवर उत्पादक साधारण १२.५ टीबी वाचनामागे एका चुकीपर्यंतच हमी देतात. ही हमी किमान असते, प्रत्यक्षात बऱ्याच डिस्क तिच्याहून चांगल्या वागतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो नव्या डिस्कांना शोभतो. श्रोडर आणि गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कागदावर वर्षाला १ टक्क्याच्या आत असलेले बदलीचे प्रमाण सर्रास २ ते ४ टक्के निघाले, आणि ते वयाबरोबर वाढत गेले. ‘डिस्कची स्मार्ट ही स्वयंचाचणी तर ठीक दाखवते’ म्हणावे, तर त्याच वर्षीच्या गूगलच्या अभ्यासात बंद पडलेल्या ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांत चार प्रमुख स्मार्ट निर्देशकांपैकी एकानेही इशारा दिला नव्हता.

त्यापेक्षा ८ टीबीच्या दोनच डिस्क घ्याव्यात, त्यांचा आरसा म्हणजे रेड १ करावा आणि जुन्या संचावरून माहिती एकदाच उतरवावी. संच अखंड असल्याने वाटेत खराब सेक्टर लागला तरी पॅरिटी तो भरून काढते. आरशात निम्मी जागा वाया जाते हे खरे, पण उरणारे ८ टीबी जुन्या ६ टीबीहून जास्तच, आणि डिस्क चारऐवजी दोन. खण रिकामे नसतील तर जोडी आधी दुसऱ्या यंत्रात लावावी. एक रविवार काम थांबेल, थांबू द्यावे. खण मोकळा असेल आणि जुनी डिस्क न काढता नवी भरता येत असेल, तर माझा आक्षेप बराच सौम्य होतो, एवढे मान्य. रेड कार्डाऐवजी लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड वापरला की सर्व्हर उद्या मेला तरी तीच जोडी दुसऱ्या लिनक्स यंत्रात वाचता येते. शिवाय कित्येक जुन्या कार्डांना २ टीबीपुढची डिस्क पूर्ण दिसतच नाही.

यातले काहीही बॅकअपची जागा घेत नाही. म्हणून डिस्क मागवण्याआधी शेवटचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवा, दहा-वीस फायली उघडून पाहा, आणि त्या उघडल्या तरच ऑर्डर द्या.