माशांच्या आधी फिल्टर

ईदीचे पैसे हातात आले की आपल्या मिरजेतील काही मुले मासे विकत आणतात. काचेचा एक गोल बाऊल, मूठभर रंगीत खडे आणि दोन गोल्डफिश. आठ-दहा दिवसांत एक मासा पाण्यावर उलटा तरंगू लागतो. मग घरातील सगळे म्हणतात, "दुकानदाराने आजारी मासा दिला." माझे मत वेगळे आहे. असे मासे बहुतेक वेळा पाण्यात साठलेल्या स्वतःच्याच घाणीमुळे मरतात. म्हणून ज्याला मासे पाळायचे आहेत, त्याने आधी टाकी आणि फिल्टर घ्यावा. मासे सर्वांत शेवटी आणावेत.

फिल्टर म्हणजे चहाच्या गाळणीसारखे कचरा अडवणारे साधन, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून पाण्यात अमोनिया मिसळतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असतानाही माशांसाठी ते विष असू शकते. फिल्टरच्या स्पंजमध्ये मात्र काही उपयोगी जीवाणू घर करतात. ते अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलले की तेही कमी होते. हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडू नयेत. एक-दोन लहान मासे सोडावेत व थोडेच खाद्य घालावे.

तुमच्यापैकी कोणी विचारेल, "सर, मशिदीच्या हौदात मासे असतात. तेथे कोठे फिल्टर असतो?" प्रश्न चांगला आहे. हिशोब करून पाहा. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि एक मीटर खोल हौदात १२,००० लिटर पाणी मावते. त्यात मासे किती? फार तर वीस-पंचवीस. शिवाय हौदाच्या भिंतींवर शेवाळ असते, त्यावर तेच जीवाणू राहतात. वर उघडी हवा, आणि त्यात नवे पाणीही येत राहते. तुमच्या बाऊलमध्ये जेमतेम पाच लिटर पाणी असते. हौदाची आणि बाऊलची बरोबरी कशी होईल?

आता फिल्टर केवढा घ्यावा? येथे गणिताचा तास उपयोगी पडतो. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा टाकीचे घनफळ ५४ लिटर होते. वरची मोकळी जागा व तळाची वाळू सोडली, तर पाणी सुमारे ४५ लिटर राहते. टाकीतील सगळे पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून जावे, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे तासाला सुमारे २०० लिटर. पण खोक्यावर छापलेला आकडा बहुधा रिकाम्या पंपाचा असतो. स्पंज बसवल्यावर आणि तो मळल्यावर प्रवाह कमी होतो. तेव्हा आकडा थोडा जास्तच पाहावा, आणि स्पंज मोठा आहे ना, हेही पाहावे.

सर्वांत मोठा फिल्टर तोच चांगला, असेही नाही. आपल्या गावचे सतारमेकर तंबोऱ्याला मोठा भोपळा निवडतात आणि सतारीला त्याहून लहान. येथेही तसेच आहे. गोल्डफिश पुष्कळ खातो, पुष्कळ घाण करतो आणि वीतभर वाढू शकतो. त्याला मोठी टाकी आणि जोरदार फिल्टर हवा. फायटर माशाला जोराचा प्रवाह सोसत नाही. त्याच्यासाठी हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. गप्पीलाही तोच चालतो. तो स्वस्त असतो आणि मला तो सर्वांत अधिक आवडतो.

नदीलाही वाळू, वाहते पाणी आणि जीवाणू यांचा फिल्टर असतो. पण त्यालाही मर्यादा आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेचे असंख्य मासे मेले, हे तुमच्या घरच्यांना आठवत असेल. पाण्यात घाण फार झाली की ती कुजवणारे जीवाणू पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. एवढ्या मोठ्या नदीत असे घडते, तर बाऊलमध्ये किती लवकर घडेल! त्यातून आपल्याकडचा उन्हाळा. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो.

आई म्हणेल, "दिवसरात्र फिल्टर चालवला तर विजेचे बिल येईल." तिला हिशोब दाखवा. पाच वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला, तर साडेतीन युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. रात्री तो बंद करू नका. मासे रात्रीही श्वास घेतात, आणि स्पंजमधील जीवाणूंनाही प्राणवायू लागतो. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्या जीवाणूंना मारते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळून घ्या. हवेचा पंप टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच फळीवर ठेवा. खाली ठेवला, तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येते आणि पंप खराब होतो.